गवाहवाल्या बहनजी

माझ्यासमोर कुणी काही ठासून बोललं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "गवाह?" म्हणजे, साक्षीदार कुठाय? सून म्हणाली की पितळेच्या पातेल्यात दूध लवकर तापतं, तरी गवाह. जावई म्हणाला की आमच्याकडच्या आंब्यासारखा आंबा कुठे नाही, तरी गवाह. तो बिचारा एकदा करंडी घेऊन आला, पुन्हा एकदा आला, मग त्यानं आंब्यांविषयी बोलणंच सोडलं. घरातल्यांना वाटतं, म्हातारपणी हे खूळ शिरलंय हिच्या डोक्यात. खूळ जुनं आहे आणि माझं नाही. ते मला अकरावीत लागलं, झाशीत, एका बाईंमुळे. शाळा त्यांना 'फिजिक्सवाली बहनजी' म्हणायची. आम्ही मुली त्यांच्या पाठीमागे 'गवाहवाली' म्हणायचो, आणि मला खात्री आहे की त्यांना ते ठाऊक होतं.

सुती साडी घोट्याच्या चार बोटं वर, पायात पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बुडाखाली सायकल. हँडलला एक पिशवी, तिच्यात जेवणाचा डबा आणि दोन स्प्रिंगचे काटे. तेच, ज्यांच्या आकड्याला वस्तू अडकवली की वजन दाखवणारी सुई खाली सरकते. इतर बायका जिथं जातील तिथं आरसा नेतात, या काटे न्यायच्या. लग्नाच्या पंगतीत पाण्याची बादली काट्याला टांगून, तिच्यात तळाला न लागता हात बुडवला तर वजन वाढतं का, हे त्यांनी वाढप्याला करून दाखवलं होतं. वाढतं. वाढपी म्हणाला, "बहनजी, पूड़ी दूँ कि न दूँ?"

राहायच्या नगरा नावाच्या मोहल्ल्यात. तिथून इलाइट चौराह्यावरून शाळेत यायच्या. चौराह्यावर शिपायानं हात दाखवला की या ब्रेक लावायच्या नाहीत. पायडलं मारणं सोडून द्यायच्या आणि सायकल आपल्या मनानं कुठवर जाते ते बघत बसायच्या. शिपाई ओरडायचा, "बहनजी, रुकिए!" त्या म्हणायच्या, "भैया, हम तो कब के रुक गए. साइकिल नहीं रुक रही." शिपाई कपाळाला हात लावायचा. शेवटी त्यानं त्यांची सायकल लांबून दिसली की आधीच दुसऱ्या बाजूचा रस्ता अडवायची सवय लावून घेतली.

त्या आमच्यातल्याच, म्हणजे झाशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी एका घरातल्या. शिकवायच्या हिंदीतून, रागवायच्या मराठीतून. वर्गात मराठी कळणारी मी एकटी. त्यामुळे अपराध कुणाचाही असो, बोलणी कळायची मला. "अगं मठ्ठ मुली, डोळे कपाळाला लावून आलीस काय?" हे त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बघून म्हणायच्या, ती हसत उभी राहायची, आणि पहिल्या बाकावर मान खाली घालायची मी. वर्ष सरेपर्यंत अख्ख्या वर्गाला 'मठ्ठ', 'वेंधळी' आणि 'कार्टे' हे शब्द पाठ झाले. मुन्नी नावाची माझी मैत्रीण होती, इंजिन ड्रायव्हरची मुलगी, वर्गात सगळ्यांत बारकी. ती तर घरी आपल्या भावाला "ऐ वेंधळी!" अशी हाक मारायला लागली.

आता गवाहाचं. बहनजींच्या वर्गात प्रश्न विचारायला मनाई नव्हती, नुसता प्रश्न आणायला मनाई होती. "सवाल लाई हो, गवाह कहाँ है?" गवाह म्हणजे अशी वस्तू, अशी जागा, असा खेळ, की ज्यात तो प्रश्न डोळ्यांना दिसेल. कुणी पुस्तक पुढे केलं की त्या म्हणायच्या, "किताब गवाह नहीं है बेटा, किताब वकील है. उसने कुछ देखा नहीं है, बस बोलती अच्छा है."

एकीनं विचारलं, सुरईतलं पाणी गार का होतं? दुसऱ्या दिवशी तिला दोन सुरया आणायला लावल्या. एक तशीच ठेवली, दुसरीला बाहेरून दरवाज्याचा हिरवा रंग फासला. झाशीचा उन्हाळा, बाहेर लू वाहतेय, आणि आम्ही दोन्ही सुरयांचं पाणी पिऊन बघतोय. रंगवलेलीचं पाणी मेलं कोमटच्या कोमट. "हिला घाम येत नाही," बहनजी म्हणाल्या. बाष्पीभवनाची व्याख्या मी पुढे कितीदा तरी वाचली, पण अजून तो शब्द ऐकला की मला आधी हिरव्या रंगाचा वास येतो.

दुसरीनं विचारलं, गाडीत बसलं की चंद्र आपल्याबरोबर का पळतो? "चाँद को हाजिर करो," बहनजी म्हणाल्या. आम्ही हसलो. पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी पंचांग बघितलं, आणि एके दिवशी दुपारीच आम्हाला मैदानावर काढलं. किल्ल्याच्या अंगाला, निळ्या आभाळात, अर्धा फिकट चंद्र होता. दिवसा चंद्र दिसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. रोज डोक्यावर असणारी गोष्ट मी कधी बघितलीच नव्हती, याचं मला फार नवल वाटलं. "दौड़ो. चाँद को देखो, नीम को भी देखो." आम्ही धावलो. कडुनिंब मागे गेला, भिंत मागे गेली, किल्ला जरासा सरकला, चंद्र जिथल्या तिथं. जे जितकं लांब, ते तितकं कमी सरकतं. चंद्र इतका लांब की त्याला आमचं धावणं कळतच नाही. हे कळलं त्याच क्षणी आमच्यातली एक, मान वर करून धावणारी, थेट बड़ी बहनजींवर जाऊन आदळली. बड़ी बहनजी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी विचारलं, "यह क्या हो रहा है?" बहनजी म्हणाल्या, "गवाही."

आणि काही प्रश्न असे असत की त्यांचा गवाह सापडतच नसे. आमच्या भागात बीहडातल्या, म्हणजे चंबळच्या दऱ्याखोऱ्यांतल्या, डाकूंच्या गोष्टी ऐकतच पोरं मोठी होतात, तेव्हा शब्द तयारच होता. असा प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचा, खाली लिहायचं 'फरार', आणि तो पकडला जाईपर्यंत पुसायचा नाही. इतिहासाच्या बहनजींनाही तेवढा कोपरा सोडून फळा वापरावा लागे.

त्या वर्षी कोपऱ्यात जो प्रश्न बसला होता तो मुन्नीचा. आम्ही न्यूटनचा तिसरा नियम शिकत होतो: क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि उलट. मुन्नी उठली. "बहनजी, इंजन डिब्बे को जितना खींचता है, डिब्बा भी इंजन को उतना ही पीछे खींचता है?"

"बिल्कुल उतना ही."

"तो फिर बाबूजी की गाड़ी चलती कैसे है?"

बहनजींच्या तोंडावर असा आनंद पसरला की जणू घरी पाहुणा आलाय. त्यांना उत्तर येत होतं हे मला आता कळतं. तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "गवाह?" मुन्नी म्हणाली, "इंजन कैसे लाएँ बहनजी?" आणि प्रश्न कोपऱ्यात गेला, फरार.

इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या शाळेत तोवर इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, मुलींना विज्ञान नव्हतंच. गृहविज्ञान मिळायचं, म्हणजे लोणची, स्वेटर आणि बाळाचे लंगोट. त्याच वर्षी विज्ञानाचा वर्ग उघडला होता, तोही मान्यतेच्या भरवशावर. निरीक्षक येणार, प्रयोगशाळा बघणार, मुलींना प्रश्न विचारणार, आणि त्यांनी होकार दिला तरच आम्हाला बोर्डाच्या परीक्षेला विज्ञान घेऊन बसता येणार. नकार आला तर वर्ग बंद. माझे वडील रेल्वेच्या ऑफिसात बाबू. मुलांच्या कॉलेजात मला पाठवायचा प्रश्नच नव्हता. ते रागीट नव्हते, उलट फार शांतपणे म्हणाले होते, "मान्यता आली तर विज्ञान. नाही आली तर गृहविज्ञान. त्यात वाईट काय आहे? मुरांबे तरी छान होतील." त्या शांतपणाचीच मला धास्ती वाटायची. मला काय व्हायचं होतं ते मला माहीत नव्हतं, पण चंद्र का पळतो हे कळल्यावर पुन्हा मुरांब्याकडे जायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

आणि नेमक्या त्या दिवसांत बहनजींनी वर्गाला रेल्वेच्या यार्डात न्यायचं ठरवलं. इंजिन वर्गात येत नाही ना, मग वर्ग इंजिनाकडे. मुन्नीच्या वडिलांनी परवानगी मिळवली. रविवारी सकाळी ज्यांच्या घरून हो आलं त्या मुली गेल्या. माझ्या घरून आलं नाही. "यार्डात? मुली?" वडील म्हणाले. "ऑफिसात मला तोंड दाखवायचंय." मी दिवसभर गच्चीवर बसून दुरून दिसणारा धूर बघत राहिले.

सोमवारी मुन्नीनं अख्खा देखावा हातवारे करून सांगितला. जड मालगाडी, पुढे काळं इंजिन. वाफ सोडली, चाकं गरागरा फिरली, रुळावर ठिणग्या उडाल्या, आणि गाडी तसूभर हलली नाही. चाकं जागच्या जागी घसरत होती. मग बाबूजींनी रुळावर वाळू सोडली. इंजिनात त्यासाठी वाळूची पेटीच असते. चाकांना पकड मिळाली आणि गाडी निघाली. "समझ में आ गया, बहनजी!" सगळ्या म्हणाल्या. मीही म्हणाले.

बहनजींनी माझ्याकडे बघितलं. "तुला काय समजलं? तू तर नव्हतीस."

"मुन्नीनं सांगितलं ना."

"ऐकीव साक्ष कोर्टात चालत नाही," त्या म्हणाल्या, आणि 'फरार' तसंच ठेवलं. एका मुलीसाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आतून कुठेतरी बरंही वाटलं, की माझ्याशिवाय खटला बंद झाला नाही.

यार्डाची बातमी शाळेच्या मॅनेजर साहेबांपर्यंत गेलीच. निरीक्षण तोंडावर आलेलं, आणि मुली इंजिनं बघत फिरतायत! बड़ी बहनजींनी आमच्या बहनजींना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. बड़ी बहनजी वाईट नव्हत्या. विज्ञानाचा वर्ग त्यांनीच भांडून मिळवला होता, आणि तो जाईल या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. दाराबाहेर आम्हाला एवढंच ऐकू आलं, "बस एक दिन, बहनजी. एक दिन के लिए सामान्य हो जाइए."

आमचा वर्ग आणि प्रयोगशाळा एकच, पूर्वीची अडगळीची खोली. तिच्यात सुरया होत्या, दोर होते, भोवरे होते, दिव्याच्या काचा होत्या. विकत घेतलेलं उपकरण म्हणावं असं जवळजवळ काही नव्हतं. मॅनेजर साहेबांनी मुलांच्या कॉलेजातून एका दिवसापुरती उपकरणं मागून आणली. लाकडी खोक्यांतून पितळेची, काचेची, चकाकणारी एकेक वस्तू निघाली. काचेच्या पेटीतला नाजूक तराजू तर असा देखणा होता की आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. आमच्या सुरया जिन्याखाली ढकलल्या गेल्या. एवढी विद्येची साधनं प्रथमच शाळेत आली म्हणून सकाळी बड़ी बहनजींनी दसऱ्यासारखी त्यांची पूजा केली. प्रत्येकाला हळदकुंकू, वर अक्षता.

निरीक्षक साहेब आले ते चांगले भरभक्कम गृहस्थ होते. बंद गळ्याचा कोट, हातात रुमाल, मागे फाइल धरलेला बाबू. त्यांनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि तराजूपाशी थांबले. पेटी उघडायला लावली, कळ फिरवली. तराजू एका बाजूला कलला. पुन्हा फिरवली, पुन्हा कलला.

"यह खराब है क्या?"

बड़ी बहनजींचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या बहनजी वाकल्या, बघितलं, आणि एकदम खूश होऊन म्हणाल्या, "नहीं साहब, बहुत ही बढ़िया है. देखिए, एक पलड़े में तिलक लगा है. तिलक तौल रहा है!"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. खरंच, एकाच पारड्याला कुंकू होतं, त्यात तांदळाचा एक दाणा. बहनजींनी ते पुसलं आणि तराजू हळूहळू झुलत सरळ झाला. त्या टाळी वाजवायच्या बेतात होत्या. साहेब म्हणाले, "इस्तेमाल से पहले किसी ने देखा नहीं था?" बहनजी म्हणाल्या, "आज ही तो आया है." मॅनेजर साहेब खोकले. माझ्या डोळ्यांसमोर मुरांब्याची बरणी आली.

साहेब फळ्याकडे वळले. फळा धुऊनपुसून लख्ख होता, कोपरा सोडून. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "इंजन डिब्बे को जितना खींचता है, डिब्बा इंजन को उतना ही. फिर गाड़ी चलती कैसे है? फरार." मग भुवया वर गेल्या. "फरार कौन है?"

"सवाल, साहब."

"अच्छा!" साहेब खुर्चीत बसले. "यह सवाल तो मैं हर स्कूल में पूछता हूँ. बड़े-बड़े लड़के गिर जाते हैं. बुलाइए, कौन बताएगी?"

बड़ी बहनजींनी आदल्या दिवशी बजावलं होतं की मुन्नीला आणि हुशार मुलींनाच पुढे करायचं. मुन्नी अर्धी उठलीसुद्धा. पण आमच्या बहनजींनी बोट केलं माझ्याकडे. "यह बताएगी साहब. इसको नहीं आता."

"जिसको आता है उससे पूछकर क्या मिलेगा?" बहनजींनी समजावून सांगितलं. बड़ी बहनजींनी डोळे मिटून घेतले. मी उठले. साहेब म्हणाले, "बोलो बेटी." पुस्तकाचं, म्हणजे वकिलाचं, उत्तर मला पाठ होतं, मी ते घडाघडा म्हणू शकले असते. पण बहनजी समोर उभ्या होत्या आणि तोंडातून निघालं तेच जे रोज निघायचं. "साहब, गवाह?"

"कैसा गवाह?"

"साहब," बहनजी म्हणाल्या, "ज़रा जूते उतारेंगे?"

मला आजवर उलगडा झालेला नाही की त्यांनी जोडे का काढले. कदाचित असं कुणी त्यांना आजवर म्हटलंच नसेल. बहनजींनी पिशवीतून गोट्या काढल्या, मोठ्या काचेच्या, मुलींच्या भावांकडून जमवलेल्या, आणि सिमेंटच्या जमिनीवर पसरल्या. त्यांच्यावर ठेवायला फळी हवी. इकडेतिकडे बघून त्यांनी त्या देखण्या तराजूच्या लाकडी खोक्याचं झाकण उचललं आणि गोट्यांवर ठेवलं. उधार आणलेल्या सामानापैकी त्या दिवशी खरं उपयोगी पडलं ते तेवढंच. बाबूच्या खांद्याचा आधार घेऊन साहेब झाकणावर चढले. दोरीच्या दोन्ही टोकांना बहनजींनी आपले दोन काटे बांधले. एक साहेबांच्या हाती, एक माझ्या हाती.

"खींचो."

मी ओढलं. निरीक्षक साहेब, बंद गळ्याच्या कोटासकट, पायमोज्यांवर, गोट्यांच्या खडखडाटात, ताठ उभेच्या उभे माझ्याकडे यायला लागले. मी घाबरून थांबले. "थांबू नकोस, कार्टे!" बहनजी मराठीत ओरडल्या, आणि सगळा वर्ग समजून हसला. "साहब, आपका काँटा क्या कह रहा है? तुझा काय म्हणतोय?" साहेबांनी आकडा वाचला, मी वाचला. तोच. मी जोर वाढवला, पुन्हा वाचला. पुन्हा तोच. "दोनों बराबर खींच रहे हैं," साहेब स्वतःशीच म्हणाले, "और आ मैं रहा हूँ."

"का?" बहनजींनी मला विचारलं.

मी खाली बघितलं. माझ्या पायाची बोटं जमिनीत रुतल्यासारखी दाबलेली होती, टाचा टेकलेल्या. आणि साहेबांच्या पायाखाली गोट्या. "साहब के पास ज़मीन नहीं है," मी म्हणाले. "मैं पैर से ज़मीन को धकेल रही हूँ. इंजन..." आणि माझ्या डोक्यात ती वाळू एकदम खाली पडली. "इंजन पटरी को पीछे धकेलता है, पटरी उसको आगे धकेलती है! बालू न हो तो पकड़ नहीं, पकड़ न हो तो गाड़ी नहीं. डिब्बा तो बस पहियों पर है." मला इतका आनंद झाला की मी कुणासमोर उभी आहे हे विसरले. साहेबही झाकणावरून न उतरताच म्हणाले, "एक बार और." मग मला झाकणावर उभं करून त्यांनी ओढलं. बाबूनंही फाइल खाली ठेवली होती.

शेवटी घाम पुसत साहेब फळ्यापाशी गेले आणि पुसायला त्यांनी डस्टर उचललं. बहनजींनी अडवलं. "अभी नहीं साहब. इंजन हाजिर हुआ, डिब्बा हाजिर हुआ. पटरी बाकी है. यह कहती है ज़मीन ने इसको धकेला. ज़मीन को धकेलते किसी ने देखा?"

साहेबांनी डस्टर खाली ठेवलं. मग जोडे घालताना, अगदी आदरानं, त्यांनी विचारलं, "आपने एम.एससी. कहाँ से किया है?"

"साहब, बी.एससी. हूँ. पिताजी ने उतने की ही अनुमति दी थी."

साहेबांचा लेस बांधणारा हात थांबला. बड़ी बहनजी घाईघाईनं चहा, नाश्ता असं काही बोलायला लागल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. मी गोट्या गोळा करत होते.

काही आठवड्यांनी मान्यता आली. बड़ी बहनजींनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं तेव्हा आम्ही इतक्या ओरडलो की रस्त्यावरचे लोक थांबले. वडिलांनी घरी पेढे आणले, म्हणाले, "विज्ञान तर विज्ञान." दुसऱ्या दिवशी कळलं की मान्यता अटीवर आहे. इंटरचं फिजिक्स एम.एससी. झालेल्या शिक्षकानंच शिकवायला हवं. नियमच तसा होता. निरीक्षकांनी काही वाकडं केलं नव्हतं. अलाहाबादहून एक गुरुजी येणार होते. बहनजींना सहावी-ब देण्यात आली, साधारण विज्ञान.

त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. वर्ग उघडला त्या दिवसापासून. मान्यता आली नाही तर वर्ग जाणार, आली तर त्या जाणार, आणि तरी त्या वर्षभर सुरया रंगवत राहिल्या. हे मला मुन्नीनं सांगितलं तेव्हा मला त्यांचा प्रचंड राग आला. एवढा राग की मी मधल्या सुट्टीत धावत प्रयोगशाळेत गेले. त्या आपले काटे पिशवीत ठेवत होत्या.

"हा कसला न्याय?" मी मराठीतच म्हणाले, आणि रडायलाच लागले. "आम्ही पुढे जावं म्हणून तुम्हाला मागे ढकललं. सगळ्यांनी मिळून. मीसुद्धा."

"चूक," त्या म्हणाल्या. मी चुकले की त्यांना जसा उत्साह यायचा तसाच तेव्हाही आला. "अगदी चूक. रूळ मागे जातो का? इंजिन त्याला एवढं ढकलतं, गेला कधी? तो जमिनीला धरून असतो. आणि मी कुठे चालले आहे? सहावी-बमध्ये. तीन खोल्या पलीकडे."

मी नाक पुसलं. आणि सवयीनं, अगदी भांडायच्या सुरात, म्हणाले, "गवाह?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवीतून पुन्हा गोट्या काढल्या आणि जमिनीवर पसरल्या. तराजूचं खोकं परत गेलं होतं, पण झाकण चुकून इथंच राहिलं होतं. ते त्यावर ठेवलं. "चढ." मी चढले. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, कॅनव्हासचे बूट जमिनीवर रोवून, दोन्ही तळहात पुढे करून. "लाव हात. ढकल मला."

मी हात लावले. त्यांचे तळवे खडूनं खरबरीत झालेले होते. मी हलकेच ढकललं.

"नवी नवरी आहेस काय? जोर लाव."

मी रागाचा सगळा जोर लावला. गोट्या खडखडल्या आणि मी मागे निघाले, आधी हळू, मग सर्रकन, भिंतीपर्यंत. त्या समोर होत्या तिथेच होत्या, हात तसेच पुढे केलेले, आणि लहान लहान होत गेल्या. माझी पाठ भिंतीला टेकली.

"कोण हललं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि मी?"

मी नाही अशी मान हलवली.

"पटरी हाजिर," म्हणत त्यांनी डस्टर घेतलं, फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न पुसला, आणि त्याखालचं 'फरार' पुसलं. हात झटकले, पिशवी उचलली आणि सहावी-बकडे गेल्या. तिकडून मुलींचा कलकलाट ऐकू आला, आणि मग त्यांचा आवाज, "सवाल लाई हो?" मी अजून झाकणावरच उभी होते. खाली उतरायचं मला सुचलंच नाही.